बाळ दूध टाकतंय? मोठ्या डॉक्टरकडे कधी जायचं, कधी नाही

मागच्या महिन्यात रात्री अकराला घाटकोपरहून पुतणीचा फोन आला. "काका, पाजलं की बाळ दूध टाकतंय. शेजारच्या काकू म्हणतात पोटाच्या स्पेशालिस्टला दाखव. दाखवू का?" बाळ दीड महिन्याचं. मी काही डॉक्टर नाही, शेती करतो आणि बातम्या देतो. पण आपल्या पाटण, जावळीकडच्या कितीतरी लेकी-सुना घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीत राहतात. बाळंतपणाला माहेरी येतात आणि दीड-दोन महिन्यांनी बाळ घेऊन परत जातात. त्यामुळे हा प्रश्न दोन्हीकडच्या घरात पडतो. आशाताई आणि डॉक्टरांना विचारून जे समजलं, ते इथे देतोय.

दूध वर का येतं?

विहिरीवरच्या मोटरीचा फूटव्हॉल्व सैल असला की पाणी मागे फिरतं, तसंच हे. अन्ननलिका आणि जठर जिथे जुळतात तिथला स्नायू तान्ह्या बाळाचा अजून घट्ट झालेला नसतो. जठर लहान, खाणं पातळ आणि बाळ दिवसभर आडवं. त्यामुळे ढेकरेबरोबर दूध ओठावर येतं, कधी दह्यासारखं फुटून येतं. पहिल्या काही महिन्यांत निम्म्याहून जास्त बाळं असं करतात. चौथ्या महिन्याच्या आसपास हे सगळ्यात जास्त असतं. बाळ बसायला लागलं, वरचं खायला लागलं की कमी होतं आणि वर्ष-दीड वर्षात बहुतेकांचं थांबतं.

कपडा नको, काटा बघा

दिवसाला किती दुपटी भिजली यावरून आजार ठरत नाही. ठरतो तो वजनावरून. जन्मल्यावर बाळाचं वजन थोडं उतरतं, साधारण दोन आठवड्यांत परत जन्माइतकं होतं. त्यानंतर पहिले तीन महिने रोज सरासरी 25 ते 30 ग्रॅम वाढायला हवं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात आणि वजन करतात. ते आकडे कार्डावर लिहून घ्या.

पुतणीचं बाळ जन्मताना 2 किलो 800 ग्रॅम होतं. फोननंतर दुसऱ्या दिवशी तिने जवळच्या बालरोगतज्ज्ञाकडे वजन केलं, 3 किलो 900 भरलं. दूध टाकून बाळ हसतंय, दिवसाला सहा-सात वेळा लघवी होतेय. डॉक्टरांनी औषध दिलं नाही. थोडं थोडं पाजा, ढेकर काढा, पाजल्यावर वीस-तीस मिनिटं खांद्यावर उभं धरा, एवढंच सांगितलं. झोपवताना मात्र पाठीवरच झोपवायचं. दूध टाकतं म्हणून पालथं किंवा उशीवर झोपवू नका, त्यात श्वासाला धोका असतो.

ही लक्षणं दिसली तर त्याच तासाला निघा

- उलटी हिरवी असेल. ही आतडं अडल्याची किंवा पीळ पडल्याची खूण असू शकते. सकाळची वाट बघू नका.
- उलटीत रक्त, पोट फुगून टणक, शी बंद.
- बाळ निपचित, ताप, टाळू वर आलेली, किंवा सहा-आठ तास लघवी नाही.
- श्वास अडतोय, ओठ निळे पडतायत.
- दर पाजण्यानंतर उलटी पिचकारीसारखी लांब उडतेय आणि बाळ लगेच परत भुकेलं. हे साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात सुरू होतं, मुलांमध्ये जास्त. जठराच्या खालच्या तोंडाचा स्नायू जाड होऊन वाट बंद होते. सोनोग्राफीत कळतं, ऑपरेशनने बरं होतं.

हे शेवटचं आमच्या वाडीनेच बघितलंय. एका घरातल्या महिन्याच्या पोराला अशीच उलटी व्हायची. आठ दिवस दृष्ट काढली, गुटी उगाळली, ग्राइप वॉटर पाजलं. त्यातला मीही एक, "होतं असं पोरांना" म्हणणारा. नेलं तेव्हा जन्मापेक्षा वजन कमी झालं होतं. आधी सलाईन लावून अंगातलं पाणी भरून काढावं लागलं, मग ऑपरेशन. पोरगं आज अंगणात खेळतंय, पण ते आठ दिवस आपण उगाच घालवले, हे मला अजून लागतं.

स्पेशालिस्ट कधी?

पहिली पायरी नेहमी जवळचा बालरोगतज्ज्ञ. गावाकडे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय, मुंबईत घाटकोपरला राजावाडी, अंधेरीकरांना कूपर. पाजण्याची पद्धत सुधारूनही वजन अडलं, बाळ दूध घेताना रडून कमान करतं, वारंवार खोकला-न्यूमोनिया होतो, शीमध्ये रक्ताचे धागे दिसतात, सहा महिन्यांनंतर त्रास नव्याने सुरू झाला किंवा दीड वर्षानंतरही थांबला नाही, तर मात्र पोटविकाराच्या बालतज्ज्ञाकडे चिठ्ठी मागा. बाळ दिवसाआधी जन्मलेलं असेल तर आणखी लवकर विचारा. परळचं वाडिया हे खास मुलांचं रुग्णालय 1929 पासून आहे. घाटकोपर-मुलुंडहून परळ स्टेशन, अंधेरी-बोरिवलीहून प्रभादेवीला उतरायचं. सायन, केईएमलाही बालशल्यचिकित्सा विभाग आहे.

जाताना वजनाचं कार्ड, उलटीचा मोबाइलवरचा व्हिडिओ, डाग पडलेलं दुपटं आणि गुटीसकट दिलेल्या सगळ्या औषधांची नावं न्या. लाजून काही लपवू नका.

हे करू नका

शेजारच्या बाळाची उलटीची किंवा अॅसिडिटीची औषधं स्वतःच्या मनाने देऊ नका. सहा महिन्यांपर्यंत पाणी, वरचं दूध नको. मध तर वर्षभर नकोच. आणि दूध टाकतं म्हणून अंगावरचं पाजणं बंद करू नका.

जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार मोफत आहेत. तातडीला 108 ची गाडी बोलवा, त्यालाही पैसे लागत नाहीत. सल्ला हवा असेल तर 104 वर विचारा. हे तिन्ही आकडे, 108, 104 आणि बाळाचं मागचं वजन, आज रात्रीच भिंतीवर लिहून ठेवा.