गोंधळ, पण १० मिनिटांत

धाराशिव जिल्ह्यात नव्याने नृत्य बसवणाऱ्या मुलामुलींसाठी हक्काचा मंच म्हणजे विद्यापीठाचा युवक महोत्सव. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातल्या छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव या चार जिल्ह्यांतली महाविद्यालये तिथे लोकनृत्य घेऊन उतरतात. पुढे आंतरविद्यापीठ महोत्सवात भारतीय विश्वविद्यालय संघाची चौकट लागू होते: मंचावर जास्तीत जास्त १० नर्तक, वेळ १० मिनिटांच्या आत.

खरा कस इथेच लागतो. तुळजाभवानीचा गोंधळ रात्रभर चालणारा. आधी देवदेवतांना आवाहन, मग आख्यान, शेवटी आरती. सोबत तुणतुणे आणि पेटती दिवटी. यातले काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हे नृत्य बसवणाऱ्यानेच ठरवायचे.

संबळाचेच बघा. दोन वाद्यांची ही जोडी कमरेला बांधलेली असते आणि ती काठ्यांनी वाजते. त्यातली एक काठी टोकाला वाकलेली. वादक कडेला उभा राहणार की नर्तकांमधून फिरत वाजवणार, यावर सगळी मांडणी बदलते. तो फिरता असेल तर नाचाला जी जान येते, ती कडेला उभे राहून येत नाही.

गोंधळाऐवजी पोतराज मंचावर आणला, तर त्याच्या आसुडाला टाळ्या हमखास मिळतात. त्या मानाने गळ्यात कवड्यांच्या माळा आणि हातात परडी घेतलेल्या, देवीच्या आराधी बायकांची डोलती चाल मंचावर उभी करणे फार अवघड, आणि बघण्यासारखेही तेच जास्त.