दर्शन एकाचे, काम सर्वांचे



पुढाऱ्याची बदली झाली की पुष्कळदा सेवाकार्य थांबते. दर्शन त्याच्या एकट्याच्या मनात असते. बाकीचे फक्त सांगितलेले करतात. नहेम्याने तसे केले नाही. यरुशलेमेत आल्यावर त्याने आधी रात्री फिरून मोडका कोट पाहिला, मग लोकांपुढे सारी दुर्दशा मांडून त्यांना सोबत घेतले. कित्येकांनी आपापल्या घरासमोरचा भाग बांधला. ५२ दिवसांत कोट पुरा झाला.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाची रीत पाहा. तिथे ग्रामसभेचे निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात. अभ्यास गटात लोक आधी प्रश्न समजून घेतात. देवाजी तोफा पुढे असले, तरी निर्णय ग्रामसभेचाच. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला.

आपल्या बैठकीतही हे जमेल. गावात फिरणाऱ्या कार्यकर्त्यांनी आधी बोलावे, पुढाऱ्याने शेवटी. ठरलेले काम प्रत्येकाने स्वतःच्या शब्दांत सांगावे. मग कोणाला काय उमगले नाही ते लगेच कळते. प्रत्येकाकडे ‘आपल्या घरासमोरचा’ भाग असावा.

सहमतीला वेळ लागतो. म्हणून कामाचा अहवाल उशिरा आला, तरी मंडळीने धीर धरावा. घाईने एकट्याने उभारलेले काम त्याच्याबरोबरच निघून जाते. आदिवासी बांधवांमध्ये राबणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याच्या एकमनासाठी प्रार्थना करा.

— प्रभूच्या सेवेत, वरठी