विम्याची सरासरी आणि घरचं ताट

परवा मेसमध्ये वरण पातळ झालं म्हणून केवढा आरडाओरडा झाला. मी गप्प बसलो. आमच्या मुरुडच्या घरी वरण पातळ झालं की समजायचं, सोयाबीन गेलं.

मित्रांनो, पीकविमा म्हणजे नुकसान झालं की भरपाई, असं मलाही वाटायचं. पण २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत उत्पन्नातली घट एकेकाच्या शेतात मोजत नाहीत. सोयाबीनसाठी ती महसूल मंडळाची मोजतात. मंडळातल्या निवडक शेतांत पीक कापणी प्रयोग होतात आणि त्यांची सरासरी काढतात. मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी घ्यायची, तिला जोखीमस्तरानं, समजा ७० टक्क्यांनी, गुणायचं. ते झालं उंबरठा उत्पन्न. समजा ते हेक्टरी १,००० किलो आहे आणि यंदाची सरासरी ७०० किलो आली. घट ३० टक्के. विमा रक्कम ५०,००० असेल तर भरपाई १५,००० रुपये. पण मंडळाची सरासरी १,१०० आली आणि तुमच्या रानात २०० किलोच निघालं, तर या हिशेबानं मिळणार शून्य!

आमचं तसंच झालं. आमचं रान मुरमाड. पावसानं ओढ दिली आणि सोयाबीन करपलं. शेजारच्या काळ्या रानातलं तगलं. आईनं कुणाला काही सांगितलं नाही. आधी डाळ कमी केली, मग दूध सगळं डेअरीला गेलं. ती जेवायची सगळ्यांत शेवटी, भाकरी आणि चटणी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. तो आकडा वाचला तेव्हा मला आईचं ताट आठवलं.

खरी गोम अशी, की सोयाबीन आपण विकतो, खात नाही. तूर, मूग, ज्वारी रानातून कमी झाली की डाळसुद्धा दुकानातून आणावी लागते. विम्याचे पैसे मिळाले तरी कापणी, आकडेमोड होऊन येईपर्यंत महिने जातात. पोट तेवढं थांबत नाही.

म्हणून विमा काढू नये असं नाही. २०२३ ला एक रुपयात मिळणाऱ्या विम्याला २०२५ च्या खरिपापासून पुन्हा २ टक्के हप्ता लागू झाला, तरी आमचे वडील भरतातच. कर्जाला तेवढाच आधार. पण आता सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी असतात, बांधाकडेला मूग, रब्बीत थोडी ज्वारी. ही डाळ-भाकरी कुठल्या सरासरीत बसत नाही, थेट कणगीत येते.

सुट्टीत घरी गेलात की विम्याची पावती जरूर बघा. आणि आईच्या ताटात काय आहे, तेही बघा.