रद्दीतील रोजगार

घराची आवराआवर निघाली, की माळ्यावरचे गठ्ठे खाली येतात. जुनी मासिके, शालेय वाचनमाला, पंचांगे, दिवाळी अंक, चित्रपटांच्या गाण्यांच्या पुस्तिका, रेल्वेची वेळापत्रके असे कितीतरी छापील साहित्य त्यांत असते. रद्दीवाला ते तराजूत टाकतो आणि किलोच्या भावाने पैसे देतो. तराजूला कागदाचे वजन कळते. त्यावर काय छापले आहे, ते कळत नाही. ते ज्याला कळते, त्याला या गठ्ठ्यातून घरबसल्या थोडीफार कमाई करता येते.

जुन्या पुस्तकांचा व्यापार नवा नाही. मुंबईच्या फोर्ट भागातील पदपथ आणि कोलकात्याची कॉलेज स्ट्रीट या कामी प्रसिद्ध आहेत. दिल्लीतील दर्यागंजचा रविवारचा पुस्तकबाजार २०१९ मध्ये पदपथावरून महिला हाटमध्ये हलवण्यात आला, तरी त्याची ओळख टिकून आहे. मात्र अशा बाजारात विकणारा आणि घेणारा एकाच शहरात असावे लागतात. इंटरनेटमुळे ही अट उरली नाही. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद येथील मराठी कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या साठलेली मराठी पुस्तके आहेत. त्यांचा ग्राहक पुण्यात किंवा नागपुरात असू शकतो. मोबाइलवर छायाचित्र टाकले, की दोघांची गाठ पडते.

मागणी कशाला असते?

जुने ते सर्व मौल्यवान, हा मोठा गैरसमज आहे. ज्या पुस्तकाच्या हजारो प्रती आजही सहज मिळतात, त्याला वय असले तरी किंमत येत नाही. मोल ठरते ते तीन गोष्टींवरून: शोधणारे किती, मिळणाऱ्या प्रती किती आणि प्रत कोणत्या स्थितीत आहे.

मराठीत दिवाळी अंकांची परंपरा ‘मनोरंजन’ मासिकाच्या १९०९ च्या अंकापासून मानली जाते. अंक वाचून झाल्यावर बहुधा रद्दीत जातो. म्हणूनच जुने अंक दुर्मीळ होतात. ‘किर्लोस्कर’ (१९२०) आणि ‘स्त्री’ (१९३०) यांसारख्या मासिकांचे जुने अंक अभ्यासकांना हवे असतात. प्रभात फिल्म कंपनीची स्थापना १९२९ मध्ये कोल्हापुरात झाली. त्या काळातील चित्रपटांच्या पुस्तिकांना संग्राहक शोधत असतात. बंद पडलेल्या वाचनमाला, गावांचे व घराण्यांचे छापील इतिहास, जुने नकाशे यांनाही ठरावीक ग्राहक असतो. उलट, जुनी मार्गदर्शके, साधी दैनिके आणि सुटे धार्मिक गुटके यांना सहसा रद्दीपेक्षा फारसा अधिक भाव मिळत नाही.

छपाईचे वर्ष कसे ओळखावे?

वर्षाविषयी चुकीची माहिती दिली, तर ग्राहकाचा विश्वास उडतो. म्हणून प्रथम आतील मुद्रणविषयक पान पाहावे. तेथे आवृत्ती, मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे असतात. पुष्कळ जुन्या मराठी पुस्तकांवर शालिवाहन शक छापलेला आढळतो. त्यात ७८ मिळवले, की इसवी सन मिळतो. शके १८६० म्हणजे १९३८. शकाचे अखेरचे काही आठवडे पुढील इसवी सनात जातात, त्यांसाठी ७९ मिळवावे. उत्तरेकडे छापलेल्या पुस्तकांवर विक्रम संवत असेल, तर त्यातून साधारणपणे ५७ वजा करावे.

पान फाटलेले असल्यास इतर खुणा मदतीला येतात. भारतात दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून सुरू झाली. त्यामुळे किंमत केवळ रुपये-आण्यांत असल्यास पुस्तक बहुधा त्याआधीचे असते. ‘नवे पैसे’ हा उल्लेख १९५७ ते १९६४ या काळाकडे बोट दाखवतो. प्रकाशकाच्या पत्त्यात सहा अंकी पिनकोड असल्यास ती प्रत १५ ऑगस्ट १९७२ नंतरची आहे, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला.

चित्रांच्या बाबतीत अधिक सावध राहावे. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे मळवलीला गेला. तेथील शिळाछापाच्या चित्रांच्या आधुनिक नकला बाजारात मुबलक आहेत. भिंगातून पाहिल्यास जुन्या शिळाछापात रंगाचे कण ओबडधोबड दिसतात. आजच्या ऑफसेट छपाईत ठिपके आखल्यासारखे एकसारख्या रांगांत दिसतात. शंका असेल, तर ‘मूळ’ हा शब्द वापरू नये.

कागदाची निगा

स्वस्त कागद लाकडाच्या लगद्यापासून बनतो. त्यातील लिग्निन या घटकामुळे आणि आम्लामुळे तो पिवळा व ठिसूळ होतो. ऊन आणि दमट हवा हे त्याचे मोठे शत्रू. ओल लागलेले पुस्तक उन्हात न ठेवता सावलीत, वारा खेळेल अशा जागी सुकवावे. धूळ मऊ कोरड्या ब्रशने झाडावी. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी कधीही लावू नये. काही वर्षांत तिचा गोंद पिवळा डाग पाडतो आणि प्रत कायमची बिघडते. कसर किंवा वाळवी लागलेले पुस्तक इतरांपासून वेगळे ठेवावे.

वर्णनातील प्रामाणिकपणा

ग्राहक पुस्तक हातात घेऊन पाहू शकत नाही. तो आपल्या शब्दांवर विसंबून पैसे देतो. या व्यवसायाचे खरे भांडवल हा विश्वासच होय. दिवसाच्या उजेडात मुखपृष्ठ, मलपृष्ठ, मुद्रणाचे पान आणि प्रत्येक दोष यांची छायाचित्रे घ्यावीत. पाने मोजूनच ‘संपूर्ण’ असे लिहावे. ग्रंथालयाचा शिक्का, आधीच्या मालकाची सही, शाईचे डाग, सुटलेली शिवण यांचा उल्लेख आवर्जून करावा. शिक्का असल्यास ते पुस्तक ग्रंथालयाने रीतसर काढून टाकले आहे का, याची आधी खात्री करावी. नसल्यास ते परत करणेच योग्य.

हिशेब

आता एक काल्पनिक उदाहरण पाहू. समजा, एक कादंबरी आपण ४० रुपयांना घेतली आणि १८० रुपयांना विकली. वेष्टनाचे १५ रुपये, टपालाचे ३५ रुपये आणि विक्रीच्या संकेतस्थळाचे १५ टक्के म्हणजे २७ रुपये गेले. एकूण खर्च ११७ रुपये झाला. हाती ६३ रुपये उरले. अशी दहा पुस्तके घेतली आणि सहाच विकली गेली, तर नफा ३७८ रुपये होतो. पण न विकलेल्या चार पुस्तकांत १६० रुपये अडकतात. तेवढे वजा जाता २१८ रुपये राहतात. त्यासाठी दिलेला वेळ अजून धरलेलाच नाही. म्हणून सुरुवात घरातील साहित्यापासून करावी, कर्ज काढून गठ्ठे विकत घेऊ नयेत आणि प्रत्येक व्यवहार वहीत लिहावा.

टपालखर्च आधीच पाहावा. भारतीय टपाल खात्याने १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू केली. शैक्षणिक, सांस्कृतिक, धार्मिक स्वरूपाची छापील पुस्तके तिच्याद्वारे कमी दरात पाठवता येतात. सुरुवातीचे दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, अधिक कर, असे ठरले. जाहिराती असलेली नियतकालिके मात्र तिच्या नियमांत बसत नाहीत. चालू दर टपाल कार्यालयात विचारून घ्यावेत.

पैसे घेताना एक नियम विसरू नये: यूपीआयने पैसे स्वीकारण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. ‘पैसे मिळण्यासाठी हा कोड स्कॅन करून पिन टाका’ असे सांगणारा ग्राहक फसवणूक करतो आहे, असे समजावे. फसवणूक झालीच, तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

कायद्याच्या मर्यादा

विकत घेतलेली पुस्तकाची प्रत पुन्हा विकण्यास लेखकाची परवानगी लागत नाही. परंतु तिची छायाप्रत किंवा स्कॅन करून विकणे ही वेगळी गोष्ट आहे. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ नुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरील हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. तोवर अशी विक्री बेकायदेशीर ठरते.

दुसरा कायदा १९७२ चा, पुरावशेष व बहुमूल्य कलाकृतींविषयीचा आहे. ऐतिहासिक महत्त्वाच्या किंवा कलात्मक वस्तूला १०० वर्षे आणि वैज्ञानिक, ऐतिहासिक, साहित्यिक वा सौंदर्यदृष्ट्या मोलाच्या हस्तलिखित वा दस्तऐवजाला ७५ वर्षे झाली असल्यास ती पुरावशेष ठरू शकते. अशा वस्तूंचा व्यापार करण्यास परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. म्हणून फार जुना कागद हाती आला, तर आधी जाणकाराला दाखवावा; परदेशी ग्राहकाच्या मोठ्या रकमेला भुलू नये.

विकण्यापूर्वी

काही कागदांची योग्य जागा बाजारात नसते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव फिरून जुनी दप्तरे मिळवली आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ हे खंड प्रसिद्ध केले. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० मध्ये स्थापन झाले, तेही अशी साधने जपण्यासाठीच. मोडी लिपीतील पत्रे, गावच्या संस्थेचे जुने अहवाल, एखाद्या बंद पडलेल्या स्थानिक वृत्तपत्राचे अंक हाती लागले, तर संशोधन संस्थेला किंवा मोठ्या ग्रंथालयाला विचारावे. सुटी पाने वेगवेगळ्या ग्राहकांना विकली गेली, की तो संच पुन्हा जुळत नाही.

कादंबऱ्या, मासिके, पुस्तिका यांची गोष्ट निराळी. त्यांच्या विक्रीने एका घरातील अडगळ कमी होते आणि दुसऱ्या घरात वाचक सुखावतो. या व्यवसायात एका रात्रीत श्रीमंती येत नाही. पण नीट पारख, स्वच्छ हिशेब आणि खरे वर्णन यांच्या बळावर घरातील स्त्री, निवृत्त माणूस किंवा शिकता शिकता कमावू पाहणारा तरुण यांना स्वतःच्या कष्टाची पूरक मिळकत उभी करता येते. त्यासाठी गठ्ठा तराजूत टाकण्यापूर्वी त्यातील प्रत्येक पुस्तक एकदा उघडून पाहावे.