चाळीस हजारांत रोड बाइक बांधायची आहे? आधी माप, मग टायर, मग बाकी सगळं

ज्यांनी एपिसोड ऐकलाय त्यांना आकडे परत शोधावे लागू नयेत, आणि ज्यांना बसमध्ये आवाज लावता येत नाही त्यांना निदान वाचता यावं, म्हणून हा लिखित भाग. जसं बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझे "म्हणजे", "बेसिकली" जरा कमी केलेत.

सुरुवात एका मेसेजपासून. आपला एक श्रोता इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तो विचारतो, "दादा, इंटर्नशिपचे ४० हजार साठलेत. एक फ्रेम स्वस्तात मिळतेय, रंग भारी आहे. त्यावर रोड बाइक बांधू का?"

भावा, थांब. ही चूक मी आधीच करून बसलोय.

माझी पहिली बाइक कशी फसली

पहिली नोकरी लागली तेव्हा मी ऑनलाइन एक सेकंडहँड फ्रेम घेतली, ९ हजारांना. ५६ साइज, रेसिंगची, लाल-काळी. माझी उंची १७० सेंटीमीटर. विकणारा म्हणाला, "छोटा स्टेम लावा, बसेल." मी ११० मिमीचा स्टेम काढून ७० मिमीचा लावला. पण चिमट्याची वरची नळी, म्हणजे स्टिअरर, आधीच्या मालकाने अगदी खालपर्यंत कापलेला. त्यामुळे हँडल वर घ्यायला जागाच नाही. मागच्या ब्रेकखाली २५ चा टायर घासायचा, म्हणून २३ चा टाकला आणि त्यात ११० पीएसआय हवा भरली. मला वाटायचं, टायर जितका कडक तितका फास्ट.

मग पहिली २०० किलोमीटरची बीआरएम. वेळ साडेतेरा तास असतो, म्हणजे फार घाईचं काम नाही. मी १३८ किलोमीटरला सोडली. दम होता, पाय चालत होते, पण डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट पूर्ण सुन्न. ब्रेक दाबलाय की नाही तेच कळेना, आणि पुढे घाटाचा उतार. तिथेच टेम्पोत सायकल टाकली.

पुढचे तीन आठवडे ऑफिसमध्ये शिफ्टची की दाबली गेली की नाही हे स्क्रीनवर बघून कळायचं. डॉक्टरांनी सांगितलं, तळहाताच्या कडेने जाणाऱ्या अल्नर नावाच्या नसेवर दाब आलाय. हँडल खूप खाली, सगळं वजन हातावर, वर दगडासारखा टायर. त्या बाइकवर एकूण ४१ हजार घातले होते, आणि त्यातला एकही पार्ट खराब नव्हता. फक्त ते सगळे मिळून माझ्या अंगाची सायकल होत नव्हती.

फ्रेम: रंग शेवटी बघा

घरी एक सोपं माप घ्या. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा, जाड पुस्तक दोन पायांच्या मध्ये सीटसारखं वर दाबून धरा, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. माझं येतं ७९ सेंटीमीटर. जुन्या पद्धतीच्या, वरची नळी आडवी असलेल्या फ्रेमसाठी याला ०.६७ ने गुणायचं. माझं उत्तर ५३. मी घेतली होती ५६! सीटच्या उंचीसाठी ०.८८३ ने गुणा, ते आलं ६९.८. म्हणजे क्रँकच्या मध्यापासून सीटच्या वरपर्यंत साधारण ७० सेंटीमीटर. हा सुरुवातीचा आकडा, पुढे थोडं वरखाली होतंच.

आजकालच्या फ्रेमची वरची नळी उतरती असते, आणि प्रत्येक कंपनीचं "५४" किंवा "मिडियम" वेगळं असतं. म्हणून दोन आकडे बघायचे: स्टॅक आणि रीच. क्रँकच्या मध्यापासून पुढच्या नळीच्या माथ्यापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक, आणि आडवं अंतर म्हणजे रीच. तुमच्या उंचीच्या मित्राची सायकल तुम्हाला दोन तास आरामात चालवता येत असेल, तर तिचे हे आकडे कंपनीच्या साइटवरून लिहून घ्या आणि त्यांच्या जवळची फ्रेम शोधा. पहिल्या रोड बाइकला स्टॅक जरा जास्तच बरा.

सेकंडहँड फ्रेम बघायला जाताना मोबाइलचा टॉर्च, मोजपट्टी आणि दोरा घेऊन जा.

पुढच्या नळीच्या मागे, जिथे खालची नळी जोडलीय, तिथे रंगाला सुरकुती किंवा बारीक रेघ दिसली तर परत फिरा. गाडी समोरून ठोकलेली असू शकते. क्रँकभोवती आणि मागच्या चाकाच्या खाचांजवळ तडे बघा. सीटची नळी हलवून बघा, घामाने गंजून अडकलेली असेल तर ती काढण्यात आयुष्य जातं. दोरा मागच्या एका खाचेतून पुढच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणा, आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. दोन-तीन मिमीचा फरक आला तर फ्रेम वाकडी आहे. आणि स्टिअररची लांबी मोजाच. कापलेली नळी परत वाढत नाही, हे मी नऊ हजार देऊन शिकलो.

यानंतर तीन मापं लिहून घ्या. एक, मागच्या खाचांमधलं अंतर. रिम ब्रेकच्या रोड फ्रेमला १३० मिमी असतं, जुन्या डिस्क फ्रेमला १३५, आणि आरपार एक्सल असलेल्या नव्या फ्रेमला १४२. चाक याच मापाचं लागतं. दोन, क्रँकची बैठक आट्यांची आहे की दाबून बसवलेली. आट्यांची घ्या, कुठलाही चांगला मेकॅनिक ती खोलू शकतो. दाबून बसवलेली कुरकुर करायला लागली की तुमच्या खिशापर्यंत येते. तीन, सगळ्यात महत्त्वाचं: किती रुंद टायर बसतो? निदान २८ हवा, आणि बसल्यावर दोन्ही बाजूंना नि वर ४ मिमी तरी मोकळं. पावसाळ्यात चिखल तिथेच अडकतो.

रिम ब्रेक की डिस्क? बाजार डिस्ककडे गेल्यामुळे रिम ब्रेकच्या चांगल्या गाड्या सेकंडहँडमध्ये स्वस्त मिळतात. ४० हजारांत मी रिमच घेईन. पण तुम्ही जुलैमध्ये रोज घाट उतरणार असाल तर डिस्कसाठी थांबा. ओल्या रिमवर ब्रेक लागायला एक सेकंद जास्त जातो, आणि तो सेकंद उतारावर फार मोठा असतो.

चाकं: जितकी कंटाळवाणी तितकी चांगली

यूट्यूब बघून सगळ्यांना उंच कार्बन रिम हव्या असतात. जरा हिशोब करू. तुम्ही आणि सायकल मिळून ८२ किलो. चाकं अर्धा किलोने हलकी केली, तर एकूण वजन ०.६ टक्के कमी झालं. पाऊण तासाच्या चढावर याचे वाचतात साधारण १६ सेकंद. त्यासाठी अख्खं बजेट द्यायचं?

शिवाय रिम ब्रेकवाली स्वस्त कार्बन रिम लांब घाटात ब्रेक धरून धरून तापते. कार्बनला जोडणारं रेझिन मऊ पडून रिम गेल्याची उदाहरणं आहेत. आपल्याकडे घाट कमी आहेत का?

माझा सल्ला: ॲल्युमिनियमची डबल वॉल रिम, आतली रुंदी १७ ते १९ मिमी, ३२ स्पोक. वीस स्पोकचं चाक दिसतं भारी, पण एक तार तुटली की ते इतकं डगतं की फिरतच नाही, आणि तशी तार पेठेतल्या दुकानात मिळत नाही. ३२ मधली एक तुटली तर ब्रेक थोडा सैल करायचा आणि हळूहळू घरी यायचं. दुसऱ्या दिवशी मेकॅनिककाका आऊट काढून देतात.

मागच्या हबला कॅसेट बसते की आट्यांचं फ्रीव्हील, ते विचारा. स्वस्त सायकलींना फ्रीव्हील असतं. त्यात उजवं बेअरिंग खूप आत असल्यामुळे एक्सल वाकतो. कॅसेटवालाच हब घ्या. शिमानोच्या ११ स्पीडच्या रोड हबवर ८, ९, १० स्पीडची कॅसेटही १.८५ मिमीची चकती टाकून बसते, पण उलटं जमत नाही.

जुनी चाकं घेताना रिमच्या ब्रेक लागणाऱ्या पट्टीवर नख फिरवा. खोलगट लागली तर झिजलीय. तशी रिम हवेच्या दाबाने फुटू शकते, आणि ती फुटते चालवताना.

टायर: इथे कंजुषी नको

सायकलचा रस्त्याशी संबंध येतो फक्त अंगठ्याएवढ्या दोन ठिकाणी. म्हणून खर्च इथे करा.

आधी आकडा वाचायला शिका. टायरच्या कडेला "२८-६२२" असं लिहिलेलं असतं. २८ ही मिमीमध्ये रुंदी, ६२२ हा टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास. ७०० सी म्हणजे हेच ६२२. आता गंमत बघा: आजोबांच्या काळ्या सायकलचा "२८ इंची" टायर असतो ६३५ चा, आणि जुन्या रेसिंग सायकलींचा "२७ इंची" असतो ६३० चा. नावात २८ मोठा, २७ छोटा, आणि ७०० सी या दोन्हींपेक्षा लहान! दुकानात "अठ्ठावीस द्या" म्हणालात तर भलताच टायर हातात पडेल. ६२२ असंच सांगा.

रुंद टायर स्लो असतो हा समज सोडा. दाब तोच ठेवला तर रुंद टायरचा रस्त्यावरचा विरोध उलट कमी होतो. आणि खडबडीत रस्त्यावर कडक टायर उड्या मारतो, ती ऊर्जा तुमच्या अंगात जिरते. माझं वजन ७२ किलो. २८ च्या टायरमध्ये मी मागे ७५, पुढे ६५ पीएसआय ठेवतो. जुन्या बाइकवर ११० होता, आठवतंय ना? टायरवर लिहिलेला मोठा आकडा कमाल मर्यादा असते, तिथपर्यंत भरायची गरज नाही. रिमवर हुकलेस लिहिलं असेल तर ७२.५ पीएसआयच्या वर कधीच नाही, आणि टायरही त्यासाठीच बनवलेला लागतो.

ट्यूबलेस सध्या नको. त्यातलं सीलंट आपल्या उन्हाळ्यात लवकर सुकतं आणि परत परत भरावं लागतं. साधी ट्यूब, दोन जादा ट्यूब बॅगेत, आणि पितळेचं एक छोटं ॲडाप्टर. रोड ट्यूबचा बारीक प्रेस्टा वॉल्व्ह हायवेवरच्या पंक्चरवाल्याच्या नळीला बसत नाही, ॲडाप्टर लावला की बसतो. फक्त काँप्रेसरने थोडी थोडी हवा भरायला सांगा, नाहीतर ट्यूब फटकन जाते.

मग ४० हजारांत काय?

सुट्टे पार्ट घेऊन शून्यातून बांधलेली बाइक तशाच तयार बाइकपेक्षा महाग पडते. कंपन्या पार्ट घाऊक घेतात, आपण एकेक. म्हणून दुसऱ्या वेळी मी योग्य मापाची जुनी पूर्ण गाडी घेतली आणि तिची चाकं-टायर सुधारले. माझा हिशोब असा:

ॲल्युमिनियम फ्रेम, कार्बन चिमटा, ९ स्पीडची जुनी गाडी: २४,०००
मागचं चाक ३२ स्पोकचं नव्याने बांधून: ५,५००
२८ चे दोन चांगले टायर: ४,६००
चार ट्यूब: १,२००
केबल, ब्रेक पॅड, बेअरिंगची सर्व्हिस: २,७००

एकूण ३८,०००. उरलेल्या दोन हजारांत पंप, पंक्चर किट आणि ॲडाप्टर. हेल्मेट आणि लाइट माझ्याकडे होते. तुमच्याकडे नसतील तर ते आधी घ्या, गाडी दोन हजारांनी स्वस्त बघा.

त्याच गाडीवर पुढच्या सीझनला तीच २०० ची बीआरएम केली. १२ तास १० मिनिटं. वेळ काही ग्रेट नाही, पण दुसऱ्या दिवशी शर्टाची बटणं स्वतः लावली आणि दहाही बोटांनी कोड लिहिला.

तर मेसेज पाठवणाऱ्या भावा, त्या विकणाऱ्याला आज चार गोष्टी विचार: स्टॅक-रीच किती, स्टिअरर किती उरलाय, मागचं अंतर किती मिमी, आणि २८ चा टायर बसतो का. उत्तरं जुळली तर घे, रंग बोनस समज. नाही जुळली तर महिनाभर थांब. फ्रेमा येत राहतात.

तुमच्या बजेटचे, मापाचे प्रश्न पाठवत राहा, त्यातून पुढचा भाग करू. तोपर्यंत टायरमधली हवा तपासा. भेटू!