कमरेतली सुई आणि गालातला खर्रा

"कमरेत सुई टोचली अन् तवापासून माही कंबरच गेली." सिझरसाठी वलगावातून अमरावतीच्या डफरीन रुग्णालयात जाऊन आलेल्या बायांच्या गप्पांत हे वाक्य हमखास येतं. वलगाव हे गाडगेबाबांच्या निर्वाणाचं गाव. २० डिसेंबर १९५६ रोजी इथेच, पेढी नदीजवळ बाबांनी देह ठेवला. बाबांचं कीर्तन म्हणजे समोरच्या माणसाला उलटसुलट प्रश्न विचारणं. भुलेबद्दलच्या समजुतींनाही तसंच विचारून पाहायला हरकत नाही.

पहिला प्रश्न त्या सुईलाच. ती हाडात शिरत नाही. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, म्हणून सुईसाठी त्याच्या खालची, बहुधा तिसऱ्या-चौथ्या मणक्यांमधली फट निवडतात. औषध जेमतेम दोन-तीन मिलीलिटर, आणि त्याचा असर काही तासांत ओसरतो. टोचल्या जागी दोन-चार दिवस ठणकतं, एवढं खरं. वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीचं काय? इंग्लंडमध्ये साडेतीनशेहून अधिक पहिलटकरणींचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले होते. एका गटाला कळा थोपवण्यासाठी एपिड्यूरल दिलं, म्हणजे याहून जाड सुई आणि वर नळीही. दुसऱ्या गटाला इतर उपाय दिले. सरासरी दोन वर्षांनी विचारपूस केली तेव्हा कंबरदुखीत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. २००२ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. कंबर दुखते ती गरोदरपणात सैल झालेल्या स्नायुबंधांमुळे, ढिल्या पडलेल्या पोटाच्या स्नायूंमुळे आणि दिवसरात्र वाकून बाळाला पाजण्या-उचलण्यामुळे. ज्यांना सुई टोचलीच नाही त्यांचीही दुखते. फक्त त्यांच्याकडे दोष द्यायला सुई नसते.

या सुईनंतरची डोकेदुखी मात्र खोटी नाही. मणक्याभोवतीचं पाणी सुईच्या छिद्रातून झिरपलं की बसल्यावर डोकं फुटायला येतं आणि आडवं झालं की थांबतं. १८९८ मध्ये कमरेतून ही भूल पहिल्यांदा देणारे जर्मन सर्जन ऑगस्ट बिअर स्वतःवरच्या प्रयोगानंतर याच डोकेदुखीनं अंथरुणाला खिळले होते. आज उपाय सुईच्या टोकात सापडला आहे. २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं ११० चाचण्यांमधल्या ३१ हजारांहून अधिक रुग्णांचा हिशेब मांडला. धारदार टोकाच्या सुईनं ११ टक्के रुग्णांचं डोकं दुखलं, पेन्सिलीसारख्या निमुळत्या टोकाच्या सुईनं ४.२ टक्क्यांचं. "उशी घेऊ नको, चोवीस तास हलू नको" या सल्ल्यानं मात्र डोकेदुखी टळते असं अभ्यासांतून दिसत नाही.

दुसरी समजूत घरातल्या वडीलधाऱ्यांबद्दलची: "म्हाताऱ्याले पूर्ण भूल सोसत नाही." खुब्याचं हाड मोडलं की ही भीती घराघरांत उभी राहते, आणि बरीच वर्षं डॉक्टरांचाही कल कमरेखालच्या भुलेकडेच होता. २०२१ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या १,६०० रुग्णांची 'रीगेन' चाचणी प्रसिद्ध झाली. सगळे पन्नाशीपुढचे, सगळ्यांचा खुबा मोडलेला. साठ दिवसांनंतर मृत्यू किंवा काठी-वॉकर घेऊनही चालता न येणं, याचं प्रमाण कमरेच्या भुलेत १८.५ टक्के आणि पूर्ण भुलेत १८ टक्के निघालं. शस्त्रक्रियेनंतर भ्रम होण्याचं प्रमाणही जवळपास सारखंच. रक्त पातळ करणारी गोळी चालू असली किंवा हृदयाची झडप आकसलेली असली, तर उलट कमरेची सुईच जास्त धोक्याची ठरू शकते. निवड वयावर ठरत नाही. त्या माणसाच्या प्रकृतीवर ठरते.

लहानग्यांच्या बाबतीत "भुलेनं डोकं मंद होतं" ही भीती असते. सात देशांतल्या ७२२ तान्ह्या मुलांवर हर्नियाच्या शस्त्रक्रिया झाल्या, काहींवर पूर्ण भुलेत आणि काहींवर जागेपणी कमरेखाली बधिर करून. पाच वर्षांची झाल्यावर त्यांचा बुद्ध्यांक मोजला, तो दोन्ही गटांत ९९ च्या आसपासच होता. पूर्ण भूल तासाभराच्या आतली होती, हे मात्र लक्षात ठेवायला हवं.

लोक घाबरतात ते या गोष्टींना. भूलतज्ज्ञाला धास्ती असते ती वेगळ्याच गोष्टीची, आणि वऱ्हाडात ती पानठेल्यावर पन्नीत घोटून मिळते: तंबाखू-सुपारीचा खर्रा. खर्ऱ्यातली सुपारी वर्षानुवर्षं गालात राहिली की आतलं मऊ अस्तर घट्ट, पांढुरकं होतं आणि तोंड उघडेनासं होतं. पूर्ण भुलेत श्वासासाठी घशातून नळी घालावी लागते, म्हणूनच तपासणीत "आ करा" म्हणतात आणि तोंडात तीन बोटं उभी मावतात का ते पाहतात. स्नायू आखडला असेल तर भुलेच्या औषधानं सैल पडतो. सुपारीनं आवळलेला गाल औषधानं सैल पडत नाही. आधी कळलं तर रुग्ण जागा असतानाच नाकातून लवचीक दुर्बिणीवर नळी सरकवता येते. झोपवल्यावर कळलं तर प्राणवायू पोहोचवण्याची झटापट सुरू होते. गुटख्यावर राज्यात २०१२ मध्ये बंदी आली, पण खर्ऱ्याची सवय काही सुटलेली नाही.

दारूचंही तसंच. "पिणाऱ्याले भूल चढत नाही" असं गमतीनं म्हणतात. रोज पिणाऱ्याला औषध जास्त लागू शकतं, पण चढते. खरा घोळ दोन-तीन दिवसांनी होतो. दारू अचानक तुटल्यानं हात थरथरतात, नसलेली माणसं दिसू लागतात, आणि नातेवाईक म्हणतात, भुलेनं वेड लागलं.

विंचवाची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. विंचू वारंवार चावलेल्यांना कमरेखालची भूल लागत नाही, अशा रुग्णांच्या नोंदी २०१२ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ अॅनेस्थेशिया'त छापून आल्या. विंचवाचं विष आणि बधिर करणारं औषध, दोन्ही मज्जातंतूंतल्या सोडियमच्या वाटांवरच काम करतात, त्यामुळे शक्यता अगदीच अशास्त्रीय नाही. मोठ्या चाचणीचा पुरावा नाही, पण शेतकऱ्यानं हे डॉक्टरांना सांगून ठेवण्यात तोटा काहीच नाही.

राहिला उपास. "रात्री बारानंतर थेंबभरही नाही" हा नियम आता जुना झाला. ठरलेल्या शस्त्रक्रियेआधी साधं पाणी दोन तासांपर्यंत चालतं आणि हलक्या खाण्यानंतर सहा तास थांबावं लागतं, अशीच शिफारस भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेचीही आहे. मधुमेही, गरोदर किंवा तातडीच्या रुग्णांसाठी वेगळं सांगितलं जाऊ शकतं. गोची चहाची आहे. "काही खाल्लं नाही, फक्त चहा घेतला" असं माणूस प्रामाणिकपणे सांगतो, पण आपल्याकडचा दुधाचा चहा पोटाच्या हिशेबात खाण्यातच जमा होतो. भुलेत खोकल्याची राखण सुटते, पोटातलं वर येऊन फुप्फुसात उतरू शकतं. न्यूयॉर्कच्या मेंडेल्सन या डॉक्टरांनी १९४६ मध्ये ४४ हजारांवर बाळंतपणांतून अशी ६६ प्रकरणं नोंदवली, आणि उपासाचा आग्रह वाढला तो तेव्हापासून.

म्हणून भुलेच्या तपासणीसाठी अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात जा की खासगी दवाखान्यात, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत न्या. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या शस्त्रक्रियेच्या तीन दिवस आधी थांबवाव्या लागतात. ते डॉक्टरांना विचारूनच करा. कवळी, खर्रा, दारू, सकाळचा चहा, यातलं काही लपवू नका. सासऱ्यांसमोर सांगायला लाज वाटत असेल, तर त्यांना बाहेर बसायला सांगा.