शीड उतरवण्याचं शास्त्र

ताशी 10 सागरी मैल, म्हणजे सुमारे साडेअठरा किलोमीटर वेगाचा वारा चेहऱ्याला सुखाचा वाटतो. 12 मीटर लांबीच्या बोटीचं मुख्य शीड 40 चौरस मीटरच्या घरात असतं. या वाऱ्याचा त्याच्यावरचा रेटा ढोबळ हिशेबाने 65 किलो वजनाएवढा, म्हणजे एका माणसाच्या भाराइतका भरतो. वाऱ्याचा वेग तिप्पट झाला की हा रेटा नऊपट होतो, कारण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 65 किलोचे होतात जवळपास 600. काळ्या ढगाखालून सुटलेला झोत हा बदल काही मिनिटांत घडवून आणतो. त्यातून हा रेटा डोलकाठीच्या बुंध्याशी बसत नाही, तो उंचावर बसतो आणि बोटीला तरफेसारखं आडवं करू पाहतो. बोटीचं आकारमान तेच, खालचं वजनही तेच. अशा वेळी खलाशाच्या हातात बदलण्यासारखी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे शिडाचं क्षेत्रफळ. शिडांवर लिहिताना आपण बहुधा ती वारा कसा धरतात एवढंच सांगतो. पण कापड उंच टांगलं की थोडाफार वारा धरतंच. अवघड काम आहे ते हे कापड वाऱ्यात असतानाच आवरण्याचं. म्हणून शीड डोलकाठीला कसं जोडलंय आणि ते उतरून कुठे, कसं बसतं, या दोन प्रश्नांवरच शिडाच्या जहाजाचं कर्तृत्व ठरत आलं आहे, असं माझं म्हणणं आहे.

सर्वात सरळ जोडणीपासून सुरुवात करू. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं, उंच चौकोनी शिडांचं एक जहाज रंगवलेलं आहे. त्याच्या आधारे काथ्याने फळ्या शिवून बांधलेलं ‘कौंडिण्य’ हे जहाज मे 2025 मध्ये कारवारला भारतीय नौदलात दाखल झालं. चौकोनी शीड डोलकाठीला थेट जोडलेलं नसतंच. ते वरच्या कडेने एका आडव्या काठीला बांधलेलं असतं आणि ती काठी डोलकाठीवर टांगलेली असते. वारा येईल तशी पाठ द्यावी, ही म्हण या शिडाला शब्दशः लागू पडते: वारा मागून आला की ते उत्तम ओढतं, समोरून आला की त्याचा नाइलाज होतो. लहान जहाजावर आडवी काठीच खाली घेता येते. युरोपीय जहाजं मोठी झाली, एकेका डोलकाठीवर चार-पाच शिडं चढली, तेव्हा ते जमेना. मग शीड वरच आवरायचं ठरलं. खलाशी दोरांच्या शिडीने वर चढणार, काठीखाली बांधलेल्या दोरावर पाय रोवणार, पोट काठीवर टेकवणार आणि वाऱ्याने फुगलेलं ओलं कापड मुठी मुठीने ओढून काठीशी बांधणार. गोवा शिपयार्डमध्ये बांधलेल्या आणि 1997 पासून नौदलात असलेल्या ‘तरंगिणी’च्या पुढच्या दोन डोलकाठ्यांवर अशी चौकोनी शिडं आहेत, तर मागच्या काठीवर डेकवरून चढवता-उतरवता येणारी उभी शिडं. म्हणजे माणसं कशासाठी लागतात, हे त्या एका जहाजावरच पाहता येतं. 1902 मध्ये अमेरिकेत बांधलेल्या ‘थॉमस डब्ल्यू. लॉसन’ या सात डोलकाठ्यांच्या अवाढव्य जहाजावर सगळी शिडं डेकवरूनच वाफेच्या यंत्रांनी ओढली जात. तिथे जेमतेम 18 माणसांत काम भागायचं. त्याच काळातल्या पाच डोलकाठ्यांच्या, चौकोनी शिडांच्या ‘प्रॉयसन’ला चाळीसहून अधिक लागत. कापड दोन्हीकडे एकरांनीच मोजावं इतकं होतं. खलाशांच्या संख्येतला फरक जोडणीने आणि तिला जोडून आलेल्या यंत्रांनी पाडला.

अरबी समुद्राने याच अडचणीवर वेगळा तोडगा काढला. कोकण किनाऱ्यावरच्या माचव्यांचं, पडावांचं, गलबतांचं शीड तिरक्या, लांबलचक काठीला बांधलेलं असे. या काठीला परबाण म्हणतात. अनेकदा तिची लांबी बोटीच्या लांबीच्या आसपास जाई. डोलकाठीभोवती दोराचं एक सैलसर कडं असतं. परबाण त्या कड्याच्या आधाराने वर जातं आणि दोर सोडला की शिडासकट खाली येतं. वर चढून कापड गोळा करणारा माणूस लागत नाही. या रचनेची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. बोट एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळवताना ही अवजड काठी उभी करून डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यावी लागते आणि वाऱ्यात ते जोखमीचं असतं. अशा शिडाला जागच्या जागी लहान करायची सोयही फारशी नसते. म्हणून मोठ्या अरबी समुद्री जहाजांवर लहान-मोठी वेगवेगळी शिडं ठेवलेली असत: वारा वाढला की परबाण खाली घ्यायचं, मोठं शीड सोडायचं, धाकटं बांधायचं, पुन्हा वर चढवायचं. यावर कुणी म्हणेल की ही तर रचनेची उणीव झाली. उणीव खरीच, पण या समुद्रावरचे मोसमी वारे महिनोन्महिने एकाच बाजूने वाहतात आणि त्यांचं वेळापत्रक ठरलेलं असतं. वळण्याची वेळ क्वचित येत असेल तर वळण्यातली अडचण परवडते. आणि पावसाळ्यात, जेव्हा कुठलीच शिडं पुरी पडली नसती, तेव्हा बोटी किनाऱ्यावर ओढल्या जात, शिडं घरात जात आणि नारळी पौर्णिमेनंतरच पुन्हा बाहेर निघत. वर्षातले काही महिने शीड साठवूनच ठेवायचं, हा निर्णय त्या जहाजबांधणीचाच भाग होता.

जोडणीने जहाजाचं रूप कसं बदलतं, हे सर्वात स्पष्ट दिसतं ते युरोपातल्या लाकडी कड्यांच्या गोष्टीत. तिथल्या उभ्या शिडांची पुढची कड डोलकाठीभोवती घातलेल्या लाकडी कड्यांना बांधलेली असे. दोर ओढला की कडी पडद्याच्या कड्यांसारखी वर सरकत. व्यवस्था साधी, दुरुस्तीला सोपी, पण कडं डोलकाठीला चहूबाजूंनी वेढतं. काठीला ताठ ठेवण्यासाठी मधल्या उंचीवर तारा बांधायच्या म्हटल्या की कड्यांच्या वाटेत आडकाठी आली! जिथपर्यंत कडी सरकतात, तिथपर्यंत काठी मोकळीच ठेवावी लागे. मोकळी काठी फार उंच करावी तर वाकते. उपाय निघाला तो दिसायला अगदी किरकोळ होता: डोलकाठीच्या मागच्या बाजूला धातूची एक बारीक पट्टी आणि तिच्यावर सरकणारे छोटे सरक, ज्यांना शिडाची कड शिवलेली आहे. जोडणी एका बाजूला आली, उरलेल्या तीन बाजू तारांसाठी मोकळ्या झाल्या आणि काठी हवी तितक्या ठिकाणी बांधून उंच, सडपातळ करता आली. उंच आणि अरुंद त्रिकोणी शीड वाऱ्याच्या दिशेच्या जवळ जास्त कार्यक्षमतेने चालतं, जसे ग्लायडरचे लांबट पंख. ‘अमेरिकाज कप’ या नामांकित शर्यतीत 1920 साली दोन्ही बोटींवर जुन्या पद्धतीची, वर तिरकी काठी असलेली शिडं होती; 1930 साली दोन्ही बोटींवर उंच त्रिकोणी शिडं आली. हलक्या मिश्रधातूंचा, वायुगतीच्या अभ्यासाचा त्यात वाटा होताच. पण शिडाची कड एका पट्टीवर आली नसती, तर ते ज्ञान त्या उंचीपर्यंत चढलंच नसतं.

पट्टीची दुसरी खुबी शीड उतरवताना कळते. शर्यतीच्या लहान बोटींवर पट्टीऐवजी डोलकाठीत एक खाच असते आणि शिडाच्या कडेला शिवलेला दोर त्या खाचेतून वर जातो. त्यामुळे काठी आणि कापड यांच्यात फट राहत नाही. फटीतून हवा जास्त दाबाच्या बाजूने कमी दाबाच्या बाजूला निसटली की तेवढी ओढ वाया जाते. पण शीड खाली घेतलं की दोर खाचेतून पूर्ण सुटतो आणि मोकळं कापड वाऱ्यावर जातं. सरक मात्र उतरल्यावरही पट्टीवरच एकावर एक रचले जातात. कापड काठीला धरून राहतं, आडव्या दांड्यावर त्याच्या नागमोडी घड्या घालता येतात. नौदलाची ‘म्हादेई’ ही गोव्यात बांधलेली बोट 56 फुटी. तिच्यावरून दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये आणि अभिलाष टॉमी यांनी 2012-13 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. एवढ्या बोटीची शिडं एका माणसाला आवरता येतात, कारण उतरतं कापड हातातून निसटत नाही. या सरकांचाही एक हट्ट आहे: वारा मागून शिडात भरलेला असेल तर ते पट्टीत दाबले जाऊन अडकतात. म्हणून शीड उतरवण्याआधी बोटीचं तोंड वाऱ्याकडे फिरवतात. मग कापडावरचा भार जातो, ते नुसतं फडफडतं आणि घसरत खाली येतं. वादळात, लाटा मागून येत असताना, नेमकं हे तोंड फिरवणंच नकोसं असतं.

यावर वेगाचा कैवार घेणारा वाचक आक्षेप घेईल की उतरवण्याची सोय महत्त्वाची असेल, पण बोट चालते ती हवेच्या प्रवाहावर. सोयीसाठी कार्यक्षमता का घालवावी? एका माणसाची ‘लेझर’ ही लोकप्रिय शर्यती बोट पाहा. तिचं शीड मोज्यासारखं डोलकाठीवर चढवतात. फट नाही, सरक नाहीत, पट्टीही नाही. आक्षेपात तथ्य आहे, पण ही बोट चालते कुठे, तेही पाहायला हवं. मोज्यासारखं चढवलेलं शीड पाण्यात असताना नुसता दोर सोडून खाली घेता येत नाही. ती बोट उलटली तर खेळाडू ती सरळ करतो, नाही जमलं तर मदतीची नाव जवळच असते. किनाऱ्यापासून हजार मैलांवर हा हिशेब उलटतो. 1960 मध्ये इंग्लंडहून न्यूयॉर्कपर्यंत एकट्याने जाण्याची पहिली अटलांटिक शर्यत झाली, तेव्हा ब्लाँडी हॅसलर यांनी आपल्या 25 फुटी ‘जेस्टर’वर चिनी जंक जहाजांचं शीड लावलं होतं. या शिडात आडव्या काठ्या असतात आणि ते सैल दोरांच्या फाशांनी डोलकाठीला धरलेलं असतं. दोर सोडला की ते स्वतःच्याच वजनाने, वारा मागून असला तरी, घडीच्या पंख्यासारखं मिटतं. हवं तेवढंच मिटवून बाकीचं चालू ठेवता येतं. वाऱ्याच्या तोंडाशी जाण्यात ते त्रिकोणी शिडापेक्षा मागे पडतं, हे त्याचे चाहतेही मानतात. हॅसलर बोटीच्या मध्यावरच्या झडपेतून, जवळपास डेकवर पाऊल न टाकता, हे शीड हाताळत. त्यांनी 48 दिवसांत दुसरा क्रमांक मिळवला; पहिले आलेले फ्रान्सिस चिचेस्टर यांची बोट कितीतरी मोठी होती आणि त्यांना 40 दिवस लागले. कागदावरची कार्यक्षमता आणि थकलेल्या एकट्या माणसाने पहाटे तीन वाजता प्रत्यक्षात मिळवलेली कार्यक्षमता, यांत फार अंतर असतं.

दुसरा आक्षेप असा की गुंडाळ्या यंत्रांनी हा प्रश्न निकालात काढला आहे. पुढचं शीड तारेभोवतीच्या फिरत्या नळीवर दोर ओढून गुंडाळता येतं; काही बोटींत मुख्य शीडही पोकळ डोलकाठीच्या पोटात शिरतं. सोय निर्विवाद आहे. पण अर्धवट गुंडाळलेल्या शिडाला मध्ये पोट सुटतं आणि जोराच्या वाऱ्यात, जेव्हा शीड सपाट हवं, तेव्हाच ते फुगीर होतं. काठीच्या पोटात जाणाऱ्या शिडाला आडव्या पट्ट्या लावता येत नाहीत, म्हणून त्याची मागची कड आत कापावी लागते. यंत्र अडकलं तर शीड ना आत ना बाहेर. शिवाय गुंडाळलेलं शीड उंचावरच राहतं. त्याचं वजन आणि त्याला लागणारा वारा बोटीला भोगावाच लागतो. म्हणूनच चक्रीवादळ येणार असेल तर नांगरलेल्या बोटीवरची गुंडाळलेली शिडंही काढून खाली ठेवायला सांगतात. यंत्राने काम हलकं केलं. शीड खाली आणण्याची गरज त्याने मिटवली नाही.

राहिला प्रश्न उतरलेल्या शिडाचा. सुती आणि तागी शिडं म्हणजे सेल्युलोज, अर्थात बुरशीचं खाद्य. ओलं शीड घडी घालून ठेवलं की काही दिवसांत काळे डाग आणि मग कुजका धागा. म्हणून ब्रिटनमधले मच्छीमार शिडं आणि जाळी टॅनिनच्या काढ्यात उकळत. त्यासाठी ते वापरत खैराच्या लाकडातून काढलेला, भारत आणि ब्रह्मदेशातून जाणारा कात! त्या बोटींच्या चित्रांतला तांबूस-तपकिरी रंग आपल्या पानाच्या तबकातला आहे. आजचं पॉलिस्टर कुजत नाही, मग साठवणुकीची फिकीर कशाला, असं कुणी विचारेल. तर शत्रू बदलला आहे, इतकंच. उन्हातले अतिनील किरण पॉलिस्टरची रेणूसाखळी तोडतात, म्हणून दांड्यावर घडी घातलेल्या शिडाला कापडी खोळ हवी आणि गुंडाळलेल्या शिडाच्या बाहेर राहणाऱ्या कडेला वेगळ्या कापडाची पट्टी. मिठाचे कण हवेतला ओलावा ओढतात, म्हणून गोड्या पाण्याने धुऊन वाळवायचं. वाळवायचं तेही फडफडू न देता, कारण फडफडीने धागा थकतो. थरांनी बनवलेली शर्यतीची शिडं तर घडीपेक्षा गुंडाळीतच टिकतात. एकाच जागी पुन्हा पुन्हा पडलेली घडी थर सोडवते.

शिडं आता मालवाहू जहाजांवर परतत आहेत. ऑगस्ट 2023 मध्ये ‘पिक्सिस ओशन’ हे जहाज 37.5 मीटर उंचीचे दोन ताठ पंख घेऊन चीनहून ब्राझीलकडे निघालं. या पंखांत कापड नाही, दोर नाहीत, वर चढणारा खलाशीही नाही. तरी बंदरात शिरताना ते आडवे करून डेकवर निजवता येतात, कारण माल चढवणाऱ्या क्रेनना वाट हवी. हजारो टनांच्या जहाजावर पंख चढवतानाही अभियंत्यांना आधी ते उतरतील कसे आणि उतरल्यावर मावतील कुठे, हे ठरवावं लागलं. परबाण सोडताना तांडेलाला पडायचा तो प्रश्न हाच होता.